इंडस्ट्रियल सायकॉलॉजी म्हणजे गणितातून सुटका?
"आकडेमोड नको असेल तर इंडस्ट्रियल सायकॉलॉजीत एमए कर, नुसती थिअरी असते" हा सल्ला कधीपासून फिरतोय. इंडस्ट्रियल सायकॉलॉजी म्हणजे कामाच्या ठिकाणच्या माणसांचं मानसशास्त्र, त्यामुळे नाव ऐकून तसं वाटणं साहजिकच आहे. पण नोकरीसाठी टेस्ट बनवली, तर ती योग्य माणसं निवडते हे कशावरून? मग भरतीच्या वेळचे मार्क आणि सहा महिन्यांनी साहेबांनी दिलेलं रेटिंग शेजारी शेजारी मांडायचं, कोरिलेशन (दोन्ही आकडे किती जुळतात ते, पूर्ण जुळले तर १, काहीच संबंध नसला तर ०) काढायचं, ते ०.३ आलं तरी इथे कामाचं धरतात (मलाही आधी फारच कमी वाटलेलं), वर ते योगायोगाने तर नाही ना आलं तेही तपासायचं. म्हणजे स्टॅटिस्टिक्स आलंच. खात्री करायची तर कोर्सचा सिलॅबस उघडा आणि रिसर्च मेथड्स, सायकोमेट्रिक्स (मानसिक चाचण्या बनवण्याचं आणि तपासण्याचं शास्त्र), स्टॅटिस्टिक्स असे पेपर शोधा, बहुतेक पहिल्याच वर्षात सापडतील.