उदारमतवादी व पुराणमतवादी विचारपद्धती

समाजातील बदलाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी. त्यांच्यातील फरक उत्तरांपेक्षा प्रश्नात आहे. एखादी वहिवाट समोर आली की उदारमतवादी विचारतो, 'ही का चालू ठेवायची?' पुराणमतवादी विचारतो, 'ही का मोडायची?' कारण कोणी द्यायचे, यावरच खरे भांडण असते.

पुराणमतवाद म्हणजे बदलाला सरसकट नकार, ही समजूत चुकीची आहे. त्याची बैठक घालणाऱ्या एडमंड बर्क यांनी १७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर कडाडून टीका केली, पण अमेरिकन वसाहतींच्या तक्रारींना त्यांनीच पाठिंबा दिला होता. पिढ्यांनी उभे केलेले घर एका पिढीच्या तर्काने पाडू नये, एवढेच त्यांचे म्हणणे. उदारमतवादी बाजूने जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्ये मांडले की, दुसऱ्याला इजा होत नसेल तर व्यक्तीवर समाजाने किंवा सरकारने सक्ती करू नये.

महाराष्ट्रात हे दोन पक्ष सुधारक आणि सनातनी म्हणून ओळखले गेले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीशी, ती पत्नी असली तरी, शरीरसंबंधाची किमान वयोमर्यादा १० वरून १२ वर्षे झाली. आगरकर कायद्याच्या बाजूने होते, तर परक्या सरकारने घरात हात घालू नये म्हणून टिळक विरोधात. हा आक्षेप निव्वळ कर्मठपणाचा नव्हता. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला मात्र त्याचा काही उपयोग नव्हता.

माणसे या कप्प्यांत नीट बसत नाहीत. निफाडला जन्मलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर, १८७३ मध्ये, वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. पुढे त्यांनीच तिला शिकवले. त्या रमाबाई रानडे.

नाशिकमधील सर्वांत कडवी कसोटी पंचवटीत झाली. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. स्थानिक धुरा दादासाहेब गायकवाडांकडे होती. दरवाजे आतून बंद, बाहेर सत्याग्रही बसलेले, त्यांत स्त्रियाही. रामनवमीला रथ दोन्ही बाजूंनी मिळून ओढायचा असे ठरले होते. प्रत्यक्षात तो हिसकावून पुढे नेला गेला आणि दगडफेक झाली. 'आजवर असे झाले नाही', हा सनातन्यांचा मुख्य मुद्दा. उदारमतवादी सवर्णांपैकीही बरेचजण 'हळूहळू होईल' म्हणत राहिले. दारात बसलेल्याच्या लेखी या दोन वाक्यांत फारसे अंतर नव्हते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातील येवल्याला, हिंदू म्हणून मरणार नाही असे आंबेडकरांनी जाहीर केले. हा निर्णय सुधारणेच्या चौकटीतला राहिलाच नाही. त्याला उदारमतवादी म्हणणे म्हणजे त्याची धार बोथट करणे.

आजच्या वादांत बाजू अनेकदा उलटतात. गोदापात्रातील जुन्या कुंडांवरचे काँक्रीट काढून जिवंत झरे मोकळे करा, ही मागणी घ्या. कुंडे पूर्वी होती तशी हवीत, हा युक्तिवाद अस्सल पुराणमतवादी. तो करतात बहुधा पर्यावरणवादी. आणि घाट रुंद हवेत, सिंहस्थाची गर्दी मावली पाहिजे, असे म्हणत परंपरेच्याच नावाने सिमेंट ओतले जाते.