बँकेने कापलेले चार्ज परत मागायचेत? अर्ज कुठे, कागद कोणते, सगळं एकदाच

मागच्या दिवाळीत इंदौरच्या लोकमान्य नगरला मावशीकडे गेले होते, चकली खाता खाता तिने पासबुक पुढे सरकवलं, म्हणे बघ गं जरा, यातले पैसे जातायत कुठे. काकांच्या वेळचं जुनं सेव्हिंग अकाउंट, पेन्शन दुसऱ्या बँकेत येते, इथे नुसती गॅसची सबसिडी. आणि एंट्र्या बघा, 236, परत 236, मध्येच 17.70, आणि शेवटी बॅलन्स चक्क मायनस! ब्रांचमध्ये ती दोनदा जाऊन आली होती, दोन्ही वेळा काउंटरवरच्या मुलाने सांगितलं की आंटीजी सिस्टम से कटता है. झालं, परत आली.

तर पहिलं काम म्हणजे तोंडी बोलणं बंद करायचं. तोंडी बोललेल्याची तारीख नसते आणि पुढचं सगळं तारखेवर चालतं.

आधी कोणता चार्ज कशाचा ते ओळखा. चार्जवर 18 टक्के जीएसटी लागतो म्हणून आकडे असे विचित्र दिसतात, 236 म्हणजे 200 अधिक जीएसटी (मावशीचा मिनिमम बॅलन्सचा दंड), 17.70 म्हणजे 15 अधिक जीएसटी (एसएमएसचा चार्ज). मग बँकेच्या साइटवरचं चार्जेसचं शेड्यूल (कशाला किती पैसे घेतात त्याचा तक्ता) काढून आपल्या अकाउंटच्या प्रकाराशी ताडून बघा. जे शेड्यूलमध्ये आहे आणि आपल्याला वेळेवर कळवलंही होतं ते हक्काने परत मिळत नाही, विनंती करून बघायची, पहिल्यांदाच झालं असेल तर मॅनेजर कधीकधी सोडतात.

हक्काने काय मागता येतं ते नीट वाचा, खरी गंमत इथे आहे. मिनिमम बॅलन्सचा दंड लावायच्या आधी बँकेने एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायला हवं, आणि बॅलन्स भरायला निदान एक महिना द्यायला हवा. दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात हवा, सरसकट नाही. आणि नुसत्या या दंडामुळे सेव्हिंग अकाउंट मायनसमध्ये जाता कामा नये. हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, 1 एप्रिल 2015 पासूनचा, म्हणजे काल परवाचा नाही, तरी ब्रांचमध्ये सांगितला की लोक असे बघतात जणू आपणच तो घरी बसून बनवलाय. दोन वर्षं व्यवहार नसल्यामुळे अकाउंट बंद पडलं असेल तर त्यावर मिनिमम बॅलन्सचा दंड लागत नाही आणि ते परत चालू करायचा पण चार्ज नाही. जनधनसारख्या बेसिक अकाउंटला तर मिनिमम बॅलन्स नसतोच.

एटीएमचं वेगळं. आपलं इंदौर मेट्रोच्या यादीत नाही त्यामुळे दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार फुकट, मुंबईवाल्यांना तीनच (एवढ्या एका बाबतीत आपण श्रीमंत). मशीन बिघडून व्यवहार फेल झाला तर तो या पाचात धरत नाहीत. पैसे कटले पण हातात आले नाहीत तर बँकेने पाच दिवसांत परत टाकायचे, त्यानंतर दर दिवसाचे 100 रुपये तिनेच द्यायचे.

सियागंज बाजारात ज्यांची दुकानं आहेत आणि ओडी लिमिट (खात्यात आहेत त्यापेक्षा जास्त पैसे काढायची सोय) आहे त्यांनी सँक्शन लेटर, म्हणजे मंजुरीचं पत्र, काढून वाचा, चार्ज त्यात ठरलेले असतात. हप्ता चुकल्याचा दंड व्याजाच्या रेटमध्ये मिळवता येत नाही, तो वेगळा दाखवावा लागतो आणि त्या दंडावर परत व्याज लावता येत नाही. नव्या लोनना हे 1 एप्रिल 2024 पासून लागू आहे.

आता अर्ज. साधा कागद, ब्रांच मॅनेजरच्या नावे, हिंदीत लिहा (मराठीत लिहिलंत तर काउंटरवर वाचणारा कोणी सापडेलच असं नाही). अकाउंट नंबर, प्रत्येक एंट्रीची तारीख आणि रक्कम, ती का चुकीची आहे ते एकेका ओळीत, खाली एकूण रक्कम. रागाचं काही लिहू नका. सोबत स्टेटमेंटची किंवा पासबुकची कॉपी, आलेल्या एसएमएसचे स्क्रीनशॉट, चार्ज शेड्यूलचं पान. आपल्या कॉपीवर शिक्का आणि तारीख घ्याच. शिक्का देत नसतील तर बँकेच्या साइटवर किंवा ईमेलने तक्रार टाका आणि कंप्लेंट नंबर जपून ठेवा.

30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे. फी नाही, वकील नको, भोपाळला चक्कर मारायची पण गरज नाही. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ऑर्ग डॉट इन वर मोबाइल ओटीपीने फॉर्म भरायचा, किंवा चंदीगडला सेक्टर 17 मधल्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्राला पोस्टाने पाठवायचा. बँकेला केलेल्या तक्रारीची कॉपी आणि उत्तर आलं असेल तर ते जोडा, तक्रारीची कॉपीच नसेल तर प्रकरण तिथूनच परत येतं. म्हाताऱ्या माणसासाठी तुम्ही भरत असाल तर त्यांच्या सहीचं अधिकारपत्र लावा. विचारायचं असेल तर 14448, गूगलवर मिळालेल्या कुठल्याही नंबरला फोन करू नका, ते स्क्रीन शेअर करायला लावतात. उत्तर आल्यावर रेंगाळू नका, मुदत असते.

हेच प्रकरण कोर्टात किंवा ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल घेत नाही. गल्लीतल्या साख संस्था, आपल्या भाषेत पतपेढ्या, त्यात येत नाहीत, त्यांच्यासाठी राज्याचं सहकार खातं. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, पाच लाखांपर्यंत फी नाही, पण 236 रुपयांसाठी मी तरी आधी लोकपालच धरेन.

मावशीला लोकपालापर्यंत जावंच लागलं नाही. शिक्क्याचा अर्ज दिला, बावीस दिवसांनी दंडाचे सगळे पैसे जमा झाले. एसएमएसचे 17.70 दिले नाहीत, त्यासाठी तिने परत एक अर्ज लिहून ठेवलाय.