कळलावी : फुलाची कीर्ती आणि कंदाचे विष

पावसाळ्यात झुडपांच्या आधाराने वर चढणाऱ्या कळलावीच्या फुलाला सहा पाकळ्या असतात. त्या कडांना नागमोडी असून मागे वळलेल्या असतात आणि उमलताना हिरवट-पिवळ्या दिसणाऱ्या या पाकळ्या पुढच्या काही दिवसांत नारिंगी आणि शेवटी गडद लाल होतात. पानांची टोकेच तणाव्यांसारखी गुंडाळली जाऊन वेलीला आधार मिळवून देतात. या देखणेपणामुळे ती जगभरच्या बागांत पोहोचली. आयुर्वेदात मात्र तिचे स्थान फुलामुळे नव्हे, तर जमिनीखालच्या कंदामुळे आहे आणि तो कंद जहाल विषारी आहे. तिच्या इतिहासातल्या या दोन बाजू वेगळ्या करता येत नाहीत.

संस्कृत ग्रंथांत ती लांगली, कलिहारी, अग्निशिखा, विशल्या अशा नावांनी येते. कंदाचा आकार नांगरासारखा असल्याने लांगली हे नाव रूढ झाले. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, प्रसूतीनंतर वार (गर्भाला पोसणारा, नाळेला जोडलेला अवयव) पडत नसेल तर लांगलीच्या मुळाचा कल्क, म्हणजे वाटून केलेला लगदा, स्त्रीच्या तळहातांना आणि तळपायांना लावावा, असा उपाय सांगितला आहे. हा उपाय बाह्य लेपाचा आहे, पोटात घेण्याचा नाही, ही बाब महत्त्वाची आहे. पुढे भावप्रकाशासारख्या ग्रंथांनी रुई, निवडुंग, कण्हेर, गुंज, अफू आणि धोतरा यांच्याबरोबर तिला सात उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत, बसवले. रसशास्त्रात कंद वापरण्याआधी त्याचे तुकडे गोमूत्रात भिजवून शोधन, म्हणजे विषाची तीव्रता कमी करणारी शुद्धी, करण्याचा दंडक आहे. परंपरेने ही वनस्पती औषध म्हणून स्वीकारली, पण विष म्हणून तिची नोंद कधी पुसली नाही. माझ्या मते या वारशातला हाच सर्वांत मोलाचा भाग आहे.

युरोपीय वनस्पतिशास्त्राला तिची ओळख सतराव्या शतकात झाली. मलबारच्या वनस्पतींवरचा, १६७८ ते १६९३ या काळात १२ खंडांत प्रसिद्ध झालेला 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ त्या ओळखीच्या प्रमुख साधनांपैकी एक होय. १७५३ साली स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने तिला ग्लोरिओसा सुपर्बा हे नाव दिले आणि पुढे काचगृहांतून तिची लागवड वाढत गेली. आफ्रिकेतही ती मूळचीच आहे. १९४७ मध्ये दक्षिण ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिंबाब्वेच्या) दौऱ्यावर आलेल्या राजकन्या एलिझाबेथ यांना याच फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच भेट देण्यात आला होता. आज ती झिंबाब्वेचे राष्ट्रीय फूल आहे, तर तमिळनाडूचे राज्यफूलही तीच आहे. तमिळ संगम साहित्यात 'कांदळ' म्हणून तिचे उल्लेख सापडतात.

कंदातल्या विषाचा शोध लागायला मात्र बराच काळ गेला. कलकत्त्यात काम करणारे रसायनतज्ज्ञ वॉर्डन यांनी १८८० मध्ये कंदातून एक कडू, विषारी द्रव्य वेगळे केले आणि त्याला 'सुपर्बिन' म्हटले. १९१५ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी या वनस्पतीत कोल्चिसीन असल्याचे दाखवून दिले. युरोपात संधिवातावर, विशेषतः गाउटवर वापरल्या जाणाऱ्या कोल्चिकम या वेगळ्या वनस्पतीतून हे द्रव्य १८२० पासूनच माहीत होते. पेशीचे विभाजन होताना गुणसूत्रांना ओढून नेणारे सूक्ष्म धागे ट्युब्युलिन या प्रथिनापासून बनतात; कोल्चिसीन त्या प्रथिनाला चिकटते आणि धागे तयार होऊ देत नाही. म्हणूनच सतत विभाजित होणाऱ्या आतड्याच्या आणि अस्थिमज्जेच्या पेशींवर विषबाधेचा आघात सर्वाधिक होतो. सुरुवातीला उलट्या आणि जुलाब होतात, मग अनेक अवयव निकामी होऊ शकतात आणि वाचलेल्या रुग्णांचे केस गळतात. उपचाराची मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडे असल्याने घरगुती प्रयोगाला येथे जागाच नाही. खाण्याचा कंद समजून चुकून खाल्ल्यामुळे भारत आणि श्रीलंकेत मृत्यू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

औषधी कंपन्यांची मागणी वाढल्यावर रानातले कंद खणून काढण्याचे प्रमाण वाढले. कंद खणला की वेल संपते, त्यामुळे काही भागांत ती दुर्मीळ होत गेली. तमिळनाडूतील शेतकऱ्यांनी पुढे तिची शेतीच सुरू केली. या शेतीचे मुख्य उत्पन्न बियांचे असते, कारण बियांतही कोल्चिसीन भरपूर असते आणि बिया काढल्यावर कंद जमिनीत शाबूत राहतो. फुलात कुक्षीचा (पराग स्वीकारणाऱ्या स्त्री-भागाचा) दांडा बुडाशीच काटकोनात वळून परागकोशांपासून दूर जातो, त्यामुळे आपोआप परागीभवन नीट होत नाही; म्हणून हंगामात मजूर सकाळी फुलाफुलाला हाताने पराग लावत शेतातून फिरतात.