कातळशिल्पावर रेषा जुळवताना

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, कोरलेला हत्ती सुमारे १८ बाय १३ मीटरचा आहे. कडेला उभं राहून बघणाऱ्याचे डोळे जमिनीपासून दीड मीटरवर असतात, त्यामुळे १८ मीटरवरचं टोक जेमतेम ५ अंशांच्या तिरक्या नजरेत येतं. कोरलेल्या रेषा एकमेकींत मिसळतात. हत्तीपाशी येऊनही हत्ती दिसत नाही. ड्रोनच्या फोटोंवरून काढलेली रेषाकृती मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या कातळावर बसवली, की तो उलगडतो. ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे एआर, इथे खरोखर कामाची आहे. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. त्यांच्याकडे नेणाऱ्या पायवाटा आखतानाच एआरचा विचार व्हायला हवा.

अडचण आहे ती रेषा नेमक्या जागी बसवण्यात. मोबाइलचं जीपीएस मोकळ्या सड्यावरही सहज ५ मीटर चुकतं. दिशा १० अंशांनी चुकली, तर १५ मीटरवरची रेषा अडीच मीटरहून जास्त सरकते. देवाचे गोठणे इथल्या मानवाकृतीपाशी तर होकायंत्रच चुकीची दिशा दाखवतं. म्हणून दोन्हींवर विसंबू नये, कॅमेऱ्याला कातळच ओळखायला शिकवावं. जांभ्याची भोकं आणि खाचा यासाठी उत्तम खुणा ठरतात. पायवाटेवरच्या प्रत्येक थांब्यावरून, वेगवेगळ्या उंचीवरून फोटो घ्यावेत. त्यांतूनच मोबाइलला ओळखता येणारा कातळाचा नकाशा बनतो. शेजारच्या दोन फोटोंत ७० ते ८० टक्के भाग सामाईक हवा. सकाळच्या तिरप्या उन्हात चर उठून दिसतात, पण दुपारी सावल्याच नसतात. तेव्हा दोन्ही वेळचे फोटो लागतात.

खरी गडबड पावसाळ्यानंतर होते. सड्यावर गवत माजतं आणि मे महिन्यात केलेला नकाशा मोबाइलला ओळखू येत नाही. ऑक्टोबरसाठी वेगळा नकाशा करावा, शिवाय थांब्यावर ३० सेंटीमीटर रुंदीचा एक छापील फलक असावा. एवढा फलक मोबाइलचा कॅमेरा साधारण ३ मीटरवरून ओळखतो. त्यावर चकचकीत लॅमिनेशन नको, उन्हात कॅमेऱ्याला नुसता पांढरा डाग दिसतो. फलक गडग्यावर, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणावर, बसवावा. कातळाला भोक पाडणं पूर्णपणे वर्ज्य. खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंडी बोल्ट लवकर गंजतात, स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत.

चालताना पडद्यावर चित्र नकोच, जांभ्यावर ठेच लागते. पाऊल उचललं की चित्र थांबून फक्त आवाजातली माहिती सुरू राहावी. सगळी फाइल गावातच उतरवून घेता यावी, कारण सड्यावर रेंजचा भरवसा नाही. आणि हत्तीला चालवू नये, रंगवू नये. कातळावर आहेत तेवढ्याच रेषा दाखवाव्यात.