बहिणीने रंगवलेले रविवर्मा

राजा रविवर्मा मुंबईकराला परके वाटत नाहीत. १८९४ साली त्यांनी याच शहरात शिळाछाप छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, आणि तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी मराठी घरांच्या देवघरांत जाऊन बसल्या. त्यांच्याबरोबर राबलेले धाकटे बंधू सी. राजराज वर्मा यांचेही नाव आपल्याकडे अधूनमधून निघते. मात्र या भावांची एकुलती बहीण मंगलाबाई तंपुराट्टी याही चित्रकार होत्या आणि त्यांनी आपल्या थोरल्या भावाचे व्यक्तिचित्र रंगवले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ते चित्र तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा कलादालनाच्या संग्रहातले आहे.

या चित्रामागचा जिव्हाळा समजून घ्यायचा, तर केरळातील किळिमानूरच्या या भावंडांच्या घराण्याची रीत आधी ध्यानात घ्यावी लागते. आपल्याकडे बहीण सासरी जाते, भाऊ मुऱ्हाळी होऊन तिला माहेरी आणतो, आणि भाऊबिजेच्या ओवाळणीत ते अंतर क्षणभर मिटते. केरळातील मातृवंशीय घराण्यांत याच्या उलट घडत असे: वंश बहिणीच्या मुलांकडून पुढे चाले, बहीण जन्मघरातच राही, आणि पुरुषाची बायकामुले त्यांच्या मातृगृहात असत. रविवर्मांच्या पत्नी भागीरथीबाई मावेलिक्करा घराण्यातल्या. त्यांची मुलेही त्याच घराण्याची मानली गेली. बडोदे, म्हैसूर, मुंबई असा मुलूख पालथा घालणाऱ्या या चित्रकाराचे घर म्हणजे अखेर आईचे आणि बहिणीचे घर होते. माझ्या मते या व्यक्तिचित्राचे मोल येथेच आहे. राजेरजवाड्यांना समोर बसवून रंगवणारा माणूस येथे स्वतः चित्राचा विषय झाला आहे, तोही घरच्या माणसाच्या नजरेतून.

मंगलाबाई रविवर्मांहून सुमारे अठरा वर्षांनी लहान होत्या. त्या काळी अशा घरातील स्त्रीला भावांसारखे गावोगाव हिंडून चित्रे रंगवण्याची मोकळीक नव्हती, त्यामुळे त्यांची साधना वाड्याच्या भिंतींआडच झाली. घरात कलेला मान मात्र पिढीजात होता. आई उमयंबाबाई कवयित्री होत्या, आणि त्यांच्या पश्चात ‘पार्वती स्वयंवरम्’ ही त्यांची रचना रविवर्मांनीच प्रसिद्ध केली.

मुंबईत १८५७ पासून जे. जे. कलाशाळा होती, तरी येथेही स्त्रीच्या हाती कुंचला बहुधा घरातूनच आला. अंबिका धुरंधर आणि अँजेला त्रिंदाद या दोघींनीही पुढे जे. जे.मध्ये शिक्षण घेतले, पण दोघींचे वडील नामवंत चित्रकार होते. मंगलाबाईंच्या बाबतीत ही जागा थोरल्या भावाची होती.

राजराज वर्मा १९०५ मध्ये गेले, आणि रविवर्मा २ ऑक्टोबर १९०६ रोजी. बहीण त्यांच्यानंतर अनेक दशके जगली. श्रीचित्रा कलादालन १९३५ मध्ये उघडले, तेव्हाही त्या हयात होत्या.