झाकण उघडताच वाजणारी पावडरची डबी : पार्श्वभूमी

जळगाव, अमळनेर, धुळ्याकडच्या जुन्या घरात माळा उपसायला घेतला की पितळी डबे-घंगाळांच्या मागून कधी कधी एक जड पावडरची डबी हाती लागते. तळाला चावी असते आणि आत वाळलेला पफ. झाकण उघडलं तर किणकिणते, नाहीतर मुकीच राहते. ती कुठली, केव्हाची हे ठरवायला बहुतेक जण झाकणावरची नक्षी न्याहाळतात. माझं सांगणं आहे की आधी डबी उलटी करा. काच, लाकूड, पितळ, सेल्युलॉइड (जुन्या काळचं प्लास्टिक) यांपैकी कसलंही कवच कुठल्याही कारखान्यात घडत असे आणि त्यात यंत्र दुसरीकडून आणून बसवलेलं असे. खरी ओळख त्या यंत्रात आहे.

हे यंत्र अशा वाजणाऱ्या पावडरच्या डबीहून सव्वाशे वर्षांनी तरी जुनं. जिनिव्हाचे घड्याळजी आंत्वान फाव्र यांनी 1796 साली घंटा आणि हातोड्या वगळून, सुरात लावलेल्या पोलादी पात्यांमधून संगीत काढण्याची रीत मांडली. पुढे या पात्यांची एकसंध फणी झाली. बारीक काटे ठोकलेला रूळ फिरतो, काटा फणीचा दात उचलून सोडतो आणि सूर उमटतो. रुळाला फिरवते ती कमान, म्हणजे चावीने आवळली जाणारी स्प्रिंग. ही करामत आधी खिशातल्या घड्याळांत आणि तपकिरीच्या डब्यांत शिरली. आपली पावडरची डबी त्या तपकिरीच्या डबीचीच वारस.

एकोणिसाव्या शतकात स्वित्झर्लंडमधलं सेंट क्रोआ हे डोंगरी गाव या धंद्याचं केंद्र झालं. रूज (1865) आणि थोरेन्स (1883) या कंपन्या तिथल्याच. पण एडिसनचा फोनोग्राफ 1877 मध्ये आला, मागोमाग ग्रामोफोन आला आणि दिवाणखान्यातल्या मोठ्या संगीतपेट्यांचं गिऱ्हाईक आटलं. थोरेन्स तर स्वतःच ग्रामोफोन बनवू लागली. छोट्या यंत्रांना मात्र नवं घर मिळालं. 1920 नंतर युरोप-अमेरिकेत चेहऱ्याला पावडर लावणं उघड, प्रतिष्ठेचं झालं. डबी ड्रेसिंग टेबलावर मांडायची वस्तू बनली आणि तिच्या तळात यंत्र बसलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान या बाजारात उतरला. 1946 साली सुवा सरोवराच्या परिसरात सुरू झालेली सांक्यो कंपनी पुढे या यंत्रांसाठी जगभर माहीत झाली. तळावर 'ऑक्युपाइड जपान' असा ठसा दिसला तर डबी 1952 च्या आतली, कारण त्या वर्षी दोस्त राष्ट्रांचा जपानवरचा ताबा संपला.

खानदेशात या डब्या यायला वाटा होत्या. मुंबईहून येणारी जीआयपी रेल्वे (आजची मध्य रेल्वे) चाळीसगाव-जळगाव-भुसावळवरून जात असे, कापसाचा पैसा होता, अमळनेरला प्रताप मिल होती आणि भुसावळच्या रेल्वे वसाहतीत गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांचे संसार होते. 1957 च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर चैनीच्या वस्तूंची आयात फार आवळली गेली. त्यामुळे घरात पिढ्यान्‌पिढ्या असलेली डबी बहुधा त्याआधीची, किंवा परदेशातून कुणी सोबत आणलेली.

साफसफाईचं शहाणपण याच इतिहासातून निघतं. एकाच झाकणाखाली तेल दिलेलं यंत्र आणि भुकटी हा जोडच मुळात अवघड आहे. मधे पातळ पत्रा असतो, तरी फटीतून पावडर झिरपते, तेलात मिसळते आणि खानदेशच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात त्याचा कडक लेप होतो. भिंग लावून पाहिलं तर हा पांढुरका थर सगळ्यात जास्त एका बोटभर जागेत दिसतो : वेग आवरणाऱ्या चिमुकल्या पंख्याच्या आसापाशी. झाकण मिटल्यावर एक तार याच पंख्याला अडवते आणि उघडल्यावर सोडते. मुक्या डबीत पुष्कळदा कमान शाबूत असते, पंखा चिकटलेला असतो किंवा तार वाकलेली असते. म्हणून चावी आणखी पिळू नये.

कोरड्या मऊ ब्रशने पावडर झटकावी, डबी तिरपी धरून, म्हणजे ती खाली यंत्रात जाणार नाही. रॉकेल किंवा शिलाई मशीनचं तेल ओतणं हा आपल्याकडचा हमखास उपाय या यंत्राला मारक ठरतो. फणीखालचे नाजूक दाबक, म्हणजे दाताचा कंप थांबवणारे बारीक तुकडे, त्यात चिकटतात. कमान पूर्ण सैल झाल्याखेरीज पंख्याचा एकही स्क्रू काढू नये. भरल्या कमानीवर पंखा सुटला तर रूळ भरधाव फिरतो, काटे वाकतात आणि फणीचे दात तुटतात. ते पुन्हा बसवणारे कारागीर फार थोडे आहेत. पितळेला चिंच-लिंबू लावण्याचा मोहही टाळावा, कारण पुष्कळदा खाली पितळ असतं पण वर पातळ मुलामा असतो.

सेल्युलॉइडची गोष्ट वेगळी. ते नायट्रोसेल्युलोज आणि कापरापासून बनतं. बोटाने जोरात घासलं तर देवघरातल्या कापराचा वास येतो, त्यावरून ते ओळखावं. पेटवून पाहण्याचा प्रयोग कुणीही करू नये, ते भडकतं. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा स्पिरिटही लावू नये, पृष्ठभाग विरघळतो. जुनं झालं की त्यातून आम्लाचे वायू निघतात आणि शेजारची पोलादी फणी गंजते. अशी डबी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवण्याऐवजी हवेशीर, सावलीच्या कपाटात इतर वस्तूंपासून दूर ठेवावी. तडे, चिकटपणा किंवा आंबूस वास आला असेल तर यंत्र घड्याळजीकडून बाहेर काढून घ्यावं आणि कवचापासून वेगळं जपावं.