ड्रेक, फ्रँक डोनाल्ड

(२८ मे १९३० – २ सप्टेंबर २०२२). अमेरिकन रेडिओ ज्योतिर्विद. जन्म शिकागो येथे. कॉर्नेल विद्यापीठाचे पदवीधर. नौदलात इलेक्ट्रॉनिक्स अधिकारी म्हणून काम केल्यावर हार्व्हर्ड विद्यापीठातून पीएच.डी. (१९५८). त्याच वर्षी वेस्ट व्हर्जिनियातील ग्रीन बँक येथील राष्ट्रीय रेडिओ वेधशाळेत रुजू.

परग्रहांवरील बुद्धिमान जीवांचे रेडिओ संदेश शोधण्याच्या कल्पनेचे जनकत्व बहुधा भौतिकीविज्ञ कोकोनी व मॉरिसन यांच्या ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकातील लेखाला (सप्टेंबर १९५९) दिले जाते. प्रसिद्धीचा मान त्या लेखाचा, यात शंका नाही. मात्र ग्रीन बँक येथे ड्रेक यांच्या अशाच शोधाची तयारी त्याआधीच, १९५९ च्या वसंतात सुरू झाली होती. त्यामुळे दोन्ही प्रयत्न परस्परांपासून स्वतंत्र मानणे अधिक सयुक्तिक ठरते. दोहोंनी हायड्रोजनची २१ सेंमी. तरंगलांबी (१,४२० मेगाहर्ट्‌झ) निवडली, पण कारणे निराळी. हायड्रोजन विश्वात सर्वत्र आढळतो, म्हणून ही तरंगलांबी कोणत्याही संस्कृतीला ठाऊक असणार, असे लेखकद्वयाचे म्हणणे होते. ड्रेक यांचा विचार व्यवहारी होता : संदेश मिळाला नाही, तरी तोच ग्राहक (रेडिओ तरंग टिपणारे उपकरण) आंतरतारकीय चुंबकीय क्षेत्रे मोजण्यास उपयोगी पडावा.

८ एप्रिल १९६० रोजी २६ मी. व्यासाच्या दुर्बिणीने टाउ सेटी व एप्सिलॉन एरिडनी या ताऱ्यांचे वेध सुरू झाले. प्रयोगाचे नाव ‘ओझ्मा’. वेधांचे एकूण तास १५० ते २०० असे निरनिराळे दिले जातात. पहिल्याच दिवशी एप्सिलॉन एरिडनीकडून जोरदार स्पंद आल्याचा भास झाला. काही दिवसांनी ते पुन्हा आले, तेव्हा त्यांचा उगम पृथ्वीवरचाच, बहुधा विमानातला, असल्याचे दिसले. परकीय संदेश सापडला नाही.

नोव्हेंबर १९६१ मध्ये ग्रीन बँकला भरलेल्या छोट्या बैठकीसाठी त्यांनी सात घटकांचा गुणाकार मांडला. आकाशगंगेतील संदेशक्षम संस्कृतींची संख्या त्यावरून अजमावता येते. त्याला ‘ड्रेक समीकरण’ म्हणतात, पण मुळात ती चर्चेची विषयपत्रिका होती. तारे किती निर्माण होतात, हा त्यातला पहिला घटक बराच विश्वासार्ह आहे, तर संस्कृतीचे आयुर्मान हा शेवटचा जवळजवळ अज्ञातच.

पुढे प्वेर्त रीकोतील अरेसिबो रेडिओ वेधशाळेचे ते संचालक होते. तेथून १६ नोव्हेंबर १९७४ रोजी शौरी तारकासमूहातील एम १३ या तारकागुच्छाकडे १,६७९ अंकांचा द्विमान (केवळ ० व १ यांचा) संदेश धाडला गेला. १,६७९ हा २३ व ७३ या दोन अविभाज्य संख्यांचा गुणाकार असल्याने अंक आयतात मांडले की चित्र उमटते. गुच्छ सुमारे २५,००० प्रकाशवर्षे दूर आहे. १९८४ पासून ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ केंद्रात प्राध्यापक होते. उत्तरायुष्यात लिक वेधशाळेतील, परकीय संस्कृतींनी सोडलेले लेसरचे क्षणिक झोत टिपण्याच्या शोधातही त्यांनी भाग घेतला.